कांद्याची पेशी पाहताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आठवीला पेशीचा धडा सुरू झाला की आमच्या प्रयोगशाळेला आठवडाभर कांद्याचा वास असतो. याच आठवड्यात दरवर्षी तेच प्रश्न येतात. मुलांचे वेगळे, नव्याने लागलेल्या शिक्षकांचे वेगळे, आणि वहीत चिठ्ठी घालून विचारणाऱ्या पालकांचे आणखी वेगळे. उत्तरं देऊन देऊन तोंडपाठ झाली होती, ती एकदाची लिहून काढली.

सगळे कांदाच का वापरतात?

स्वस्त असतो (निदान बहुतेक महिने), बारमाही मिळतो, ही झाली सोय. खरं कारण कांद्याच्या बांधणीत आहे. कांद्याची प्रत्येक मांसल पाकळी म्हणजे एक पान. तिच्या आतल्या, खोलगट बाजूवर एक पारदर्शक पापुद्रा असतो आणि तो बरोब्बर एका पेशीच्या जाडीचा असतो. उजेड खालून आरपार येतो आणि पेशी एकमेकींच्या आड येत नाहीत. बटाट्याची चकती कितीही पातळ कापा, पेशींचे चार-पाच थर एकावर एक राहतातच. कांद्यात कापायचं कामच नाही, नुसतं सोलायचं.

पांढरा कांदा घ्यावा की लाल? आयोडीन घालून केंद्रक (पेशीचा कारभार चालवणारा गोल ठिपका) बघायचं असेल तर कुठलाही चालतो. लाल कांद्याची खरी मजा मिठाच्या पाण्याच्या प्रयोगात आहे, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

पापुद्रा दरवेळी फाटतो किंवा गुंडाळतो. नेमका काढायचा कसा?

कांद्याचे उभे चार तुकडे करा. बाहेरच्या सुकलेल्या साली आणि पहिली पाकळी सोडून द्या. दुसरी किंवा तिसरी घ्या. खोलगट बाजू आपल्याकडे करून पाकळी दोन्ही हातांत धरा आणि मागच्या बाजूला वाकवून कट्कन मोडा. मोडलेल्या कडेला पातळ, ओल्या प्लॅस्टिकसारखा पदर सुटलेला दिसेल. तो चिमट्यात धरून सावकाश, पाकळीला जवळजवळ समांतर ओढा. वर उचललात की फाटला.

निघाल्या निघाल्या तो पाण्यात टाका. वॉच ग्लास नसेल तर बाटलीचं झाकण चालतं. हवेत दोन मिनिटं राहिला तरी कडा वळायला लागतात आणि मग तो उलगडता उलगडत नाही. पाण्यातच ब्लेडने साधारण अर्ध्या सेंटीमीटरचा चौकोन कापा. मुलांना मोठा तुकडा घ्यायचा मोह होतो. मोठा तुकडा म्हणजे हमखास घडी, आणि घडीत पेशींवर पेशी.

आता स्लाइडवर आधी पाण्याचा थेंब, मग त्यात ब्रशने तुकडा. आधी तुकडा आणि वरून थेंब असं केलं की खाली हवा अडकते. कव्हरस्लिप (वर झाकायची पातळ काच) एका कडेने थेंबाला टेकवा आणि दुसरी कड सुईवर पेलत हळूहळू खाली सोडा. धपकन टाकलीत की बुडबुडेच बुडबुडे. बाहेर आलेलं पाणी टिपकागदाने टिपून घ्या.

बाहेरच्या फुगीर बाजूचा पापुद्रा का नाही, असं एका मुलीने विचारलं होतं. करून बघ म्हटलं. तो खालच्या गराला घट्ट चिकटलेला असतो, निघताना गर घेऊनच निघतो. पंधरा मिनिटं झटापट करून तिनेच हे उत्तर आणून दिलं.

आयोडीन घालायचं की सॅफ्रानिन?

दोन्ही चालतात. आयोडीनने केंद्रक पिवळसर तपकिरी होतं आणि पेशीभित्तिका फिकट पिवळ्या. सॅफ्रानिनने सगळं गुलाबी-लाल, केंद्रक जास्त गडद. सॅफ्रानिनचं चित्र देखणं येतं, पण रंग जास्त झाला की सगळंच लाल होऊन बसतं. मग पाण्यात धुवा, पुन्हा बघा. एक मिनिट पुरेसं असतं. आयोडीनला मात्र दोन-तीन मिनिटं द्या. थेंब टाकला आणि लगेच डोळा लावला तर केंद्रक दिसणार नाही, आणि मग मुलं माझ्याकडे ‘सर, या कांद्याला केंद्रकच नाही’ म्हणून येतात.

रंगाशिवाय एकदा तरी जरूर बघा. नुसत्या पाण्यात पेशीभित्तिका छान दिसतात. केंद्रक मात्र शोधावं लागतं. रंग कशासाठी असतो हे ते शोधतानाच कळतं.

आयोडीनने बटाटा निळा-काळा होतो, मग कांदा का होत नाही?

आयोडीन निळं पडतं ते पिष्टमय पदार्थावर, म्हणजे स्टार्चवर. बटाटा आपला साठा स्टार्चच्या कणांत ठेवतो. कांदा तो शर्करेच्या रूपात ठेवतो, म्हणून परतलेला कांदा गोडसर लागतो. वेळ असेल तर बटाट्याचा कापलेला भाग नखाने किंचित खरवडून स्लाइडवर घ्या आणि आयोडीन घाला. शिंपल्यासारखे निळे कण पेशींत भरलेले आणि पेशींबाहेर सांडलेले दिसतील. कच्चं केळं आणि पिकलेलं केळं शेजारी शेजारी ठेवून बघितलं तर आणखी चांगलं. कच्च्यात निळ्या कणांची गर्दी असते, पिकलेल्यात ते विरळ झालेले असतात. केळं गोड कसं झालं हे फळ्यावर समजावून सांगायला मला अर्धा तास लागायचा.

स्लाइड ठेवली, पण काहीच दिसत नाही.

‘काहीच’ म्हणजे काय ते आधी सांगा.

सगळं काळं दिसत असेल तर उजेड येत नाही. आरसा खिडकीकडे फिरवा, स्टेजखालची झडप उघडा, आणि भिंग नीट ‘टक्’ असा आवाज होऊन जागेवर बसलंय का बघा. अर्धवट फिरवलेलं भिंग हे दहातल्या सात तक्रारींचं कारण असतं. (हा आकडा माझ्या वर्गाचा अंदाज, संशोधन नव्हे.) आरसा थेट सूर्याकडे मात्र कधीही वळवायचा नाही. डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. आभाळाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा उजेड हवा.

सगळं पांढरं दिसत असेल तर तुकडा उजेडाच्या मध्ये नाही किंवा फोकस फार लांब आहे. आधी सर्वांत कमी पटीचं भिंग लावा. बाजूने बघत बघत भिंग स्लाइडच्या अगदी जवळ न्या, आणि मग नेत्रिकेतून बघत मोठा स्क्रू उलटा फिरवून भिंग दूर न्या. डोळा नेत्रिकेला लावून भिंग खाली आणायचं नाही. कव्हरस्लिपा फुटतात त्या अशाच. मोठ्या पटीचं भिंग स्लाइडपासून अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं, तेव्हा एक घाईचा फेरा पुरतो.

खाली-वर हलणाऱ्या काळ्या रेषा दिसत असतील तर त्या तुमच्या पापण्या आहेत.

मोठ्या पटीवर काही केल्या फोकसच लागत नसेल तर स्लाइड उलटी ठेवली असण्याची दाट शक्यता. कव्हरस्लिप खालच्या बाजूला गेली की मधे स्लाइडची जाड काच येते आणि भिंग पेशींपर्यंत पोचू शकत नाही.

मला एकदम गोल, जाड काळ्या कडेची पेशी दिसली. हीच का?

नाही. तो हवेचा बुडबुडा. पहिल्या तासाला निम्म्या वह्यांत बुडबुडा असतो, आणि खाली झोकात ‘वनस्पती पेशी’ असं नावही असतं. ओळखायची खूण म्हणजे त्याची कड काळीकुट्ट आणि सफाईदार असते, आत काहीच नसतं, आणि कव्हरस्लिपवर सुईने टिचकी मारली की तो सरकतो. कांद्याच्या पेशी लांबट, विटांच्या भिंतीसारख्या एकमेकींना लागून असतात. सुटी गोल पेशी त्यात नसते.

दुसरा फसवा प्रकार म्हणजे मधूनच गेलेली एक पीळ पडलेली लांब दोरी. ती बहुतेक वेळा रुमालाचा किंवा कपड्याचा धागा असते. कचरा म्हणून मी ती बाजूला करायला सांगायचो. मग एकदा लक्षात आलं की सुती धाग्यातला तो तंतू म्हणजेसुद्धा एक वनस्पती पेशीच आहे! कापसाचा प्रत्येक तंतू सरकीच्या सालीवरच्या एकाच पेशीपासून वाढतो. अडीच-तीन सेंटीमीटर लांब, एकच पेशी. बोंड फुटल्यावर ती मरते, सुकून चपटी होते आणि पीळ खाते. विदर्भ-खानदेशातल्या मुलांनी तर पेशी पहिल्यांदा मायक्रोस्कोपशिवायच पाहिलेली असते, फक्त तसं त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

स्लाइड उजवीकडे सरकवली की चित्र डावीकडे का जातं?

संयुक्त सूक्ष्मदर्शकात प्रतिमा उलटी पडते, खालचं वर आणि उजवीकडचं डावीकडे. वर्तमानपत्रातलं एक बारीक अक्षर कापून ठेवा. ‘ग’ घेतला तर छान कळतं. मी कांद्याच्या आधी पाच मिनिटं हेच करून घेतो. एकदा हाताला सवय झाली की स्लाइड कुठे सरकवायची हे विचारावं लागत नाही.

केंद्रक पेशीच्या मधोमध का नाही? आणि काही पेशींत दिसतच नाही, ते का?

हा मला सगळ्यांत आवडणारा प्रश्न, कारण तो विचारणाऱ्याने खरंच पाहिलेलं असतं.

कांद्याच्या पेशीत मधली जवळजवळ सगळी जागा एका मोठ्या रिक्तिकेने व्यापलेली असते. पाण्याने भरलेली पिशवीच म्हणा. पेशीद्रव्याला उरते ती भिंतीलगतची पातळ पट्टी, आणि केंद्रक त्या पट्टीत बसलेलं असतं. म्हणून ते कडेला ढकलल्यासारखं, कधी चपटं दिसतं.

मग काही पेशींत ते अगदी मधोमध कसं? पेशी म्हणजे सपाट चौकोन नाही, खोकं आहे. खोक्याला चार बाजूंच्या भिंती आहेत तसा तळ आणि झाकणही आहे. केंद्रक तळाला किंवा झाकणाला चिकटलेलं असेल तर वरून बघताना ते मधोमध आल्यासारखं वाटतं. बारीक स्क्रू किंचित पुढे-मागे फिरवा. एका पेशीचं केंद्रक स्पष्ट होताना शेजारणीचं पुसट होत जाईल, कारण दोन्ही वेगळ्या खोलीवर आहेत. हे एकदा पाहिलं की पेशीला जाडी आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. मी मुलांना रिकामी काड्यापेटी आणि एक वाटाणा देतो. वाटाणा कुठेही चिकटवा, वरून बघा, समोरून बघा.

ज्या पेशींत केंद्रक दिसत नाही तिथे ते फोकसच्या बाहेर असू शकतं, रंग पोचला नसेल, किंवा सोलताना पेशी फाटून आतला ऐवज वाहून गेला असेल. तुकड्याच्या कडेच्या पेशींचं हेच होतं, म्हणून मधल्या भागात बघा.

मोठ्या पटीवर केंद्रकाच्या आत एक-दोन ठळक ठिपके दिसले तर ती केंद्रकी. ज्याला दिसली त्याने शेजाऱ्याला दाखवावी.

पुस्तकातल्या आकृतीत बारा भाग आहेत. मला तीनच दिसले. माझं काही चुकलं का?

चुकलं नाही. शाळेच्या मायक्रोस्कोपमधून कांद्याच्या पेशीत दिसतं ते एवढंच: पेशीभित्तिका, केंद्रक, दाणेदार पेशीद्रव्याची पट्टी, आणि मधली रिकामी वाटणारी जागा म्हणजे रिक्तिका. बाकीचं दिसत नाही, आणि ते दिसणारही नाही. प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला साधारण ०.२ मायक्रोमीटरहून जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवता येत नाहीत. प्रद्रव्यपटलाची, म्हणजे पेशीभित्तिकेच्या आतल्या पातळ पडद्याची, जाडी त्याच्या वीस-तीसपट कमी आहे. तंतुकणिका या मर्यादेत कशाबशा बसतात, पण त्यांना खास रंग लागतो. रायबोझोम आणि आंतर्द्रव्यजालिका यांची अंतर्गत रचना कळली ती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर, आणि त्याची सुरुवात १९३१ची. पुस्तकातली आकृती म्हणजे अनेक पेशी, अनेक उपकरणं आणि अनेक माणसांची मेहनत एकत्र करून काढलेला नकाशा आहे. तुमच्या डोळ्याला दिसलेलं दृश्य नव्हे.

यावरून माझ्याच वर्गातली गोष्ट. एकदा जर्नल तपासताना चाळीस वह्यांत चाळीस सारख्या आकृत्या होत्या. तंतुकणिका, गॉल्गी पिंड, सगळं जागच्या जागी, नावं उजवीकडे एका ओळीत. एका मुलाच्या वहीत फक्त वेड्यावाकड्या विटा होत्या. दोन विटांत कडेला ठिपका, एका विटेत काहीच नाही, आणि कोपऱ्यात एक काळा गोल, त्याला बाण काढून लिहिलेलं ‘हवा’. मी त्याला दहापैकी पाच दिले होते. आकृती अपूर्ण, असा शेरा मारून. घरी जाताना रस्त्यात ते डोक्यात घोळत राहिलं. प्रयोग त्या एकट्यानेच केला होता, बाकीच्यांनी पुस्तक उतरवलं होतं, आणि गुण मी उतरवणाऱ्यांना दिले होते. दुसऱ्या दिवशी त्याची वही मागून घेतली आणि शेरा खोडला.

तेव्हापासून आमच्या जर्नलमध्ये दोन आकृत्या असतात. डाव्या पानावर ‘मी पाहिलेली पेशी’: शिसपेन्सिल, छटा नाही, जे दिसलं तेवढंच, शेजारी भिंगाची पट. उजव्या पानावर पुस्तकातली आकृती, परीक्षेसाठी. डावं पान मी मायक्रोस्कोपशेजारी उभा राहूनच सही करतो.

पण बोर्डाच्या परीक्षेत डाव्या पानाला कोण विचारतं?

कुणी नाही. परीक्षेत उजवं पान लिहा.

वनस्पती पेशीत हरितलवक असतं ना? कांद्यात का दिसत नाही?

जमिनीखालच्या, उजेड न पोचणाऱ्या पाकळीला हरितलवकाचा उपयोग काय? सगळ्या वनस्पती पेशींत हरितलवक असतं हा समज बहुतेकांच्या डोक्यात त्या एका आकृतीमुळे बसतो. मुळाच्या पेशींत नसतं. पानाच्या वरच्या कातडीच्या पेशींतही सहसा नसतं, अपवाद पर्णरंध्राच्या रक्षक पेशींचा.

हरितलवक पाहायचं तर हायड्रिला आणा. तळ्यात, संथ ओढ्यात मिळते, नाहीतर माशांच्या टाक्या विकणाऱ्या दुकानात. शेंड्याजवळचं एक कोवळं पान तसंच्या तसं पाण्याच्या थेंबात ठेवा. पान जेमतेम दोन पेशींच्या जाडीचं असल्यामुळे कापायची गरज नाही, रंगाचीही नाही. हिरवे गोळे भिंतीलगत रांगेने दिसतात. आता दिव्याच्या उजेडात पाच-दहा मिनिटं थांबा आणि मोठ्या पटीवर पानाच्या मधल्या शिरेजवळच्या पेशी बघा. गोळे चालू लागतात! एकामागून एक, भिंतीच्या कडेकडेने, देवळाला प्रदक्षिणा घातल्यासारखे. खरं तर वाहतं ते पेशीद्रव्य, हरितलवक त्यात वाहून नेले जातात. बोनाव्हेन्तुरा कॉर्टी या इटालियन अभ्यासकाने १७७४ मध्ये कारा या पाणवनस्पतीत हे पहिल्यांदा नोंदवलं. वर्ग कितीही दंगेखोर असो, या स्लाइडला शांत होतो.

आपण बघतो ती पेशी जिवंत असते का?

आयोडीन घातलं की मेलीच समजा. नुसत्या पाण्यातली असते, आणि ते तपासताही येतं. इथे लाल कांदा काढा. लाल-जांभळा रंग पाकळीच्या बाहेरच्या कातडीच्या पेशींत, रिक्तिकेत विरघळलेला असतो, म्हणून या एका प्रयोगासाठी बाहेरचाच पापुद्रा घ्यावा लागतो. चिवट असतो, पण छोटा तुकडा निघतो. कुंडीत लावतात त्या रिओच्या पानाची जांभळी खालची बाजू सोलली तर काम आणखी सोपं.

आधी पाण्यात बघा, पेशी रंगाने काठोकाठ भरलेल्या. मग कव्हरस्लिपच्या एका कडेला मिठाच्या दाट पाण्याचा थेंब सोडा आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लावून पाणी ओढून घ्या. डोळा नेत्रिकेलाच ठेवा. दोन-तीन मिनिटांत रंगाची पिशवी भिंतीपासून सुटून आक्रसायला लागते आणि मधे रिकामी फट पडते. हा रससंकोच. बाहेर मीठ जास्त, म्हणून पेशीतलं पाणी बाहेर गेलं. कोशिंबिरीच्या काकडीला मीठ लावल्यावर वाडग्यात पाणी सुटतं ते हेच. प्रद्रव्यपटल डोळ्याला दिसत नाही असं वर म्हटलं, पण ते इथे आहे हे या आक्रसण्यातून कळतं. लगेच साधं पाणी सोडलंत तर पेशी पुन्हा फुगतात. फार वेळ मिठात ठेवल्या तर फुगत नाहीत.

आयोडीन घातलेल्या पापुद्र्यावर हा प्रयोग करू नका. मेलेलं पटल पाणी अडवतही नाही आणि निवडून सोडतही नाही.

पेशीची लांबी मोजता येईल का?

साध्या पट्टीने येते. कमी पटीच्या भिंगाखाली स्लाइडऐवजी पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी ठेवा आणि दिसणाऱ्या गोलाचा व्यास किती मिलिमीटर भरतो ते बघा. आमच्या एका मायक्रोस्कोपमध्ये नेत्रिका १० पट आणि भिंग १० पट असताना तो १.६ मिलिमीटर भरतो. आता पट्टी काढून कांदा ठेवा आणि त्या व्यासावर टोकाला टोक लावून किती पेशी मावतात ते मोजा. पाच मावल्या तर एक पेशी ०.३२ मिलिमीटर, म्हणजे ३२० मायक्रोमीटर. ४५ पटीच्या भिंगात गोल साडेचारपट लहान होतो, म्हणून तिथे एखादीच पेशी पूर्ण मावते. भागाकार मुलांकडूनच करून घ्या. गणिताचे सर खूश होतात.

पेशीचा शोध रॉबर्ट हुकने लावला म्हणतात. त्याने हेच पाहिलं होतं का?

त्याने कांदा नव्हे, बुचाचा काप पाहिला. १६६५ मध्ये छापलेल्या पुस्तकात त्याने मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या कप्प्यांचं वर्णन केलं आणि त्यांना ‘सेल’ म्हटलं. एका इंचात असे हजारावर कप्पे बसतात असा त्याचा हिशोब होता. पण बूच मेलेलं. त्याने पाहिल्या त्या रिकाम्या भिंती. केंद्रक हे नाव १८३१ मध्ये रॉबर्ट ब्राउनने ऑर्किडच्या पेशी बघताना दिलं. सगळ्या वनस्पती पेशींच्या बनलेल्या असतात हे श्लायडेनने १८३८ला मांडलं, प्राण्यांबद्दल श्वानने १८३९ला. म्हणजे भिंतीपासून केंद्रकापर्यंत पोचायला १६६ वर्षं लागली, आणि तुम्हाला तेवढ्यासाठी दोन मिनिटं आयोडीनमध्ये थांबायचं जिवावर येतं.

शाळेत मायक्रोस्कोप एक आणि मुलं साठ. करायचं काय?

रांग लावू नका. रांगेत प्रत्येकाला वीस सेकंद मिळतात, तो ‘दिसलं’ म्हणतो आणि पुढे जातो. पाच-पाचच्या गटांनी स्लाइड स्वतः करावी, बाकीच्यांना बटाटा-केळ्याचं काम द्यावं, आणि प्रयोग दोन दिवसांत विभागावा. मोबाइलचा कॅमेरा नेत्रिकेवर टेकवून फोटो घेता येतो. पुठ्ठ्याची छोटी नळी करून बसवली तर हात हलत नाही. फोटो फळ्याशेजारी मोठा करून दाखवा, पण डोळा लावण्याची पाळी कुणाची चुकवू नका. खेड्यातल्या शाळेला आरशाचा मायक्रोस्कोपच बरा. वीज गेली तरी तास चालतो.

घरी मुलासाठी विकत घ्यावा का? खेळण्यांच्या दुकानात ‘१२०० पट’ लिहिलेला मिळतो.

पटीवर जाऊ नका. भिंग सुमार असेल तर १२०० पटीवर पेशी मोठी दिसते, स्पष्ट नाही. फोटो ताणून मोठा केल्यासारखं. कांद्याला १०० पट पुरते, ४०० म्हणजे चैन. स्टॅनफर्डमधले मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये जगापुढे आणलेला घडीचा कागदी फोल्डस्कोप साधारण १४० पट दाखवतो आणि खिशात मावतो. त्यात कांद्याच्या पेशी आणि केंद्रक दोन्ही दिसतात. धरायला सराव लागतो, पहिल्या दिवशी मुलं चिडतात.

पावसाळ्यानंतर भिंगावर जाळी आली आहे.

बुरशी. कोकणात तर दर शाळेची रड. मायक्रोस्कोप लाकडी खोक्यात बंद करून जूनमध्ये ठेवला आणि दिवाळीनंतर काढला की हे होणारच. खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, रंग बदलला की तापवून पुन्हा वापरा, आणि आठवड्यातून एकदा खोकं उघडून हवा लागू द्या. भिंग पुसायला लेन्सचा कागद किंवा धुतलेलं मऊ सुती कापड. पदर, रुमाल, शर्टाची बाही अजिबात नाही. जाळी आत गेली असेल तर भिंग स्वतः उघडत बसू नका, दुरुस्तीवाल्याकडे द्या.

कांदा कापताना डोळ्यांत पाणी येतं, त्याचा पेशीशी काही संबंध आहे?

थेट आहे. कांद्याच्या पेशीत एक विकर (एन्झाइम) रिक्तिकेत असतं आणि ते ज्यावर काम करतं ते गंधकयुक्त द्रव्य बाहेर पेशीद्रव्यात. मधे पडदा आहे तोवर काही होत नाही. सुरीने पेशी फुटल्या की दोन्ही एकत्र येतात आणि डोळ्याला झोंबणारा वायू तयार होतो. पापुद्रा अलगद सोलला तर डोळे फारसे झोंबत नाहीत, कारण फार थोड्या पेशी फुटतात. धारदार सुरीने कमी रडू येतं, त्याचंही कारण हेच.

ब्लेड, काचा, आयोडीन… मुलांच्या हातात द्यायचं का?

आठवीच्या मुलांना द्यावं, सातवीपर्यंत पापुद्र्याचा चौकोन शिक्षकांनी कापून द्यावा. आयोडीनचे आणि सॅफ्रानिनचे डाग कपड्यावर पडतात, म्हणून पांढऱ्या शर्टाच्या दिवशी सॅफ्रानिन तर अजिबात नको. फुटलेली कव्हरस्लिप हाताने उचलायची नाही, ओल्या कागदाने टिपून वेगळ्या डब्यात टाकायची.

आणि प्रयोगशाळेत आलेला कांदा खायचा नाही. आमच्याकडे पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी तास संपला की दारात येऊन ‘उरला का हो कांदा, सर?’ असं विचारायच्या. आता मी आधी त्यांच्याकडे जातो. कांदा स्वयंपाकघरातच चिरतात, दोन पाकळ्या माझ्या हातावर ठेवतात आणि बाकीचा फोडणीला जातो.